आईच्या डोक्यातले वहीत कसे उतरवावे : दुर्मीळ गुणसूत्र विकार असलेल्या मुलाचे रोजचे घर

आमच्या लेकीच्या पाचव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा एक तुकडा जन्मापासूनच नाही. जेरोम लेज्यून या फ्रेंच डॉक्टरांनी १९६३ मध्ये हा विकार प्रथम वर्णिला. अशा बाळांचे रडणे मांजराच्या पिल्लासारखे बारीक आणि उंच स्वरातले असते, म्हणून त्याला ‘क्रि द्यु शा’, म्हणजे मांजराचे रडणे, हेच नाव पडले. पंधरा ते पन्नास हजार जन्मांमागे असे एखादे मूल जन्मते. त्यामुळे सांगली-मिरजेसारख्या दवाखान्यांनी भरलेल्या भागातही आपल्या मुलासारखे दुसरे मूल भेटेलच असे नाही, आणि ज्या डॉक्टरांसमोर आपण बसतो त्यांनीही असे मूल कदाचित पहिल्यांदाच पाहिलेले असते. मग मुलाविषयीची खरी, रोजच्या उपयोगाची माहिती घरातच साठत जाते. बहुतेक घरांत ती एकाच माणसाच्या डोक्यात साठते, आणि ते माणूस बहुधा आई असते.

यातला धोका मला लेक चार वर्षांची असताना कळला. मिरजेत माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले आणि मी तीन दिवस घराबाहेर होते. पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या पतींचे अकरा फोन आले. चमचा कोणता घ्यायचा, आंबील किती दाट करायची, ती डावा कान सारखा का ओढते आहे, रात्री कोणता दिवा चालू ठेवायचा, असे ते प्रश्न होते. ते मुलीला रोज कडेवर घेऊन फिरणारे, तिच्यासाठी रजा काढणारे वडील आहेत. पण या गोष्टी त्यांना कोणी सांगितल्याच नव्हत्या, कारण त्या सांगायच्या असतात हे माझ्याच लक्षात आले नव्हते. घरी परतल्यावर टाके ओले असतानाच मी दोनशे पानी वही मागवली. ती वही कशी लिहावी आणि तिच्या आधाराने दिवस कसा चालवावा, ते पुढे सांगते आहे. उदाहरणे आमच्या लेकीची आहेत, पण गुणसूत्राचा तुकडा गळालेला असो, जास्तीचा असो किंवा जागा बदललेला असो, पद्धत तीच लागू पडेल.

पहिले पान

पहिले पान अनोळखी माणसासाठी असते. रात्री दोन वाजता अपघात विभागातल्या शिकाऊ डॉक्टरला ते अर्ध्या मिनिटात वाचता आले पाहिजे. त्यावर नाव, जन्मतारीख, रक्तगट, चालू औषधे मिलिलिटरमध्ये, कशाची अॅलर्जी आहे ते, आणि नेहमीच्या डॉक्टरांचे फोन क्रमांक लिहावेत. वजन तारखेसह लिहावे आणि दर महिन्याला बदलावे, कारण लहान मुलांच्या औषधाची मात्रा वजनावरून ठरते आणि आपली मुले वयाच्या मानाने बरीच हलकी असू शकतात.

विकाराचे नाव लिहिताना मात्र नुसत्या नावावर थांबू नये. कॅरिओटाइप तपासणीत गुणसूत्रांमधले मोठे बदल दिसतात. मायक्रोअॅरे तपासणीत त्याहून बारीक तुकडेही दिसतात, आणि तुकडा नेमका कुठून कुठपर्यंत गेला आहे याचे आकडे मिळतात. एकाच नावाचा विकार असलेल्या दोन मुलांपैकी एक धावते आणि एक उठून बसायलाच सहा वर्षे घेते, याचे एक मोठे कारण गळालेल्या तुकड्याची लांबी आणि जागा हे असते. म्हणून रिपोर्टमधली ती आकड्यांची ओळ जशीच्या तशी, अक्षर न बदलता उतरवून घ्यावी. आपल्याला ती कळली नाही तरी चालेल. जनुकतज्ज्ञ पहिल्यांदा तीच मागतात.

याच पानाच्या तळाशी आम्ही लाल शाईने लिहिले आहे : ‘भूल देण्याआधी भूलतज्ज्ञांना सांगावे : क्रि द्यु शा, स्वरयंत्राची रचना वेगळी असू शकते, श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाऊ शकते.’ दात काढण्यासारख्या छोट्या कामासाठीही हे आधी सांगावे लागते. प्रत्येक विकारात अशी एखादी गोष्ट असते, जी माहीत नसेल तर घात होतो. आपल्या मुलाच्या बाबतीत ती कोणती, हे डॉक्टरांना थेट विचारावे आणि त्यांच्यासमोरच लिहून घ्यावे. हृदय, मूत्रपिंडे, ऐकू येणे, दृष्टी आणि पाठीचा कणा यांची तपासणी कधी झाली आणि पुन्हा कधी करायची, हेही त्याच भेटीत विचारून ठेवावे.

जेवणाची पाने

आमच्या वहीत सर्वांत जास्त पाने जेवणाची आहेत, आणि मला ते योग्यच वाटते. स्नायूंचा ताण कमी असलेल्या मुलांना पाणी, ताक, पातळ दूध हे पदार्थ सर्वांत अवघड जातात, कारण गिळण्याची तयारी होण्याआधीच ते घशात उतरतात. थोडे श्वासनलिकेत गेले की ठसका लागतो, आणि पुष्कळदा ठसकाही न लागता ते फुप्फुसात जाते व मूल महिन्या-दोन महिन्यांनी छातीच्या संसर्गाने आजारी पडत राहते. जेवल्यानंतर आवाज ओला, घरघरता येत असेल तर ती पहिली खूण समजावी आणि गिळण्याची तपासणी करून घ्यावी. पदार्थ किती दाट असावा, हे वाचाउपचारतज्ज्ञांनी मूल पाहून ठरवायचे असते.

त्यांनी ठरवून दिलेले घरात टिकवायचे कसे, हा पुढचा प्रश्न. ‘मध्यम दाट’ असे लिहिले तर प्रत्येक जण आपापल्या मनाने करतो. आपल्या स्वयंपाकघरात त्यासाठी शब्द आहेत, ते वापरावेत. नाचणीची आंबील सरसरीत नको, पळीवाढी हवी. पळी तिरकी केली की ती पाण्यासारखी ओघळू नये, जाड धारेने सावकाश पडावी. भात आसट, वरण घालून घोटलेला, त्यात शीत वेगळे दिसू नये. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांचा कागद कधी समजला नव्हता. ‘पळीवाढी’ हा शब्द वाचल्यावर त्यांची आंबील एकदाही चुकली नाही.

बसवण्याचेही असेच आहे. पाठ टेकलेली, कंबर खुर्चीच्या मागच्या कडेला, पाय लोंबकळते न ठेवता पाटावर टेकलेले, मान किंचित पुढे. आडवे घेऊन किंवा मान मागे टाकून भरवू नये. चमचा लहान आणि उथळ घ्यावा, अर्धाच भरावा, समोरून तोंडाच्या पातळीवर आणावा आणि वरच्या ओठाने तिला तो पुसून घेऊ द्यावा. पुढचा घास देण्याआधी कंठ वर जाऊन खाली आलेला डोळ्यांनी पाहावा. आमचा चमचा स्टीलचा आहे आणि त्याच्या डाव्या कडेवर दाताची खूण आहे. वहीत तो काढून दाखवला आहे, कारण त्या फोनांमधला पहिला प्रश्न त्याचाच होता. अर्ध्या तासात जेवण संपले नाही तर थांबावे. थकलेले मूल नीट गिळत नाही, आणि पोट भरलेच पाहिजे या काळजीने दिलेले शेवटचे चार घासच बहुधा त्रास देतात. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये.

आपल्या भागात एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. पाहुणे प्रेमाने जे आणतात, नेमके तेच या मुलांच्या घशात अडकणारे असते. भडंगातले चुरमुरे आणि शेंगदाणे, बेदाणे, डाळिंबाचे दाणे, आणि हंगामात तासगावकडून आलेली द्राक्षांची पेटी. अख्खे द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि श्वासनलिकेच्या तोंडात घट्ट बसेल अशा मापाचे असते. ज्या मुलांना चावता येते त्यांच्यासाठी द्राक्ष उभे चार तुकडे करून, साल काढून द्यावे. ज्यांना येत नाही त्यांना देऊच नये. ही यादी आम्ही वहीत न ठेवता स्वयंपाकघराच्या दाराला लावली आहे, म्हणजे पाहुण्यांना हटकावे लागत नाही, ते ती वाचतात आणि स्वतःच विचारतात. घास अडकल्यावर पाठीवर थाप कशी द्यायची आणि पोट कसे दाबायचे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्यक्ष हाताने शिकून घ्यावे. वाचून ते येत नाही.

दुखते आहे हे ती कसे सांगते

या मुलांना बोलता येते त्यापेक्षा समजते पुष्कळ जास्त. क्रि द्यु शामध्ये हे विशेष आढळते. म्हणून मुलासमोर त्याच्याविषयी ‘याला काही कळत नाही’ असे कधी बोलू नये आणि कोणाला बोलू देऊ नये. बोलण्याला पर्याय म्हणून आम्ही आठ फोटो काढून प्लास्टिकमध्ये घातले : तिचाच पेला, तिचीच ताटली, झोका, संडासाचे दार, आजोबा, बाहेरचा जिना, अंथरूण आणि आडव्या हाताने दाखवलेला ‘नको’. विकतच्या चित्रांपेक्षा आपल्या घरातल्या वस्तूंचे फोटो लवकर समजतात. ‘नको’चा फोटो दाखवला की आपण खरोखर थांबले पाहिजे, नाहीतर तो फोटो मूल पुन्हा उचलणार नाही.

डोके आपटणे, स्वतःचा हात चावणे, अचानक ओरडणे असे काही सुरू झाले की त्याला हट्ट समजू नये. आधी दुखणे शोधावे. कान, दात, बद्धकोष्ठ, जेवणानंतर घशाशी येणारे आंबट पाणी आणि कमी झोप, या क्रमाने आम्ही पाहतो. वहीत त्यासाठी एक पान तीन रकान्यांचे आहे : आधी काय चालले होते, नेमके काय केले, मग आपण काय केले. वेळ लिहायला विसरू नये. दोन आठवडे असे लिहिल्यावर आमच्या लक्षात आले की तिचे डावा कान ओढणे दर वेळी शौचास दोन दिवस न झाल्यानंतरचे होते. कानाचे थेंब त्यापूर्वी दोनदा आणून झाले होते. त्यानंतर पाणी, भिजवून कुस्करलेल्या मनुका आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध यांची वेळ आम्ही बांधून टाकली.

काही गुणसूत्र विकारांत फिट येतात. आपल्या मुलाला त्या येत असतील तर पहिल्या पानाच्या मागे एवढेच मोठ्या अक्षरांत लिहावे : कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, तोंडात काहीही घालू नये, पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर १०८ ला फोन करावा. कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावणारी माणसे प्रत्येक वाड्यात असतात. त्यांना रागावण्यात वेळ घालवू नये, त्यांच्या हातात घड्याळ द्यावे.

आवाज आणि झोप

आमच्या लेकीला मोठे आवाज सोसत नाहीत, आणि सांगली-साताऱ्याकडे मोठ्या आवाजांचे हंगामच आहेत. कारखान्यांचे गळीत सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मोठ्याने गाणी लावून रात्रभर रस्त्याने जातात. तिची खोली म्हणून आम्ही रस्त्याकडून परसाकडे हलवली. हा बदल करायला आम्ही तीन हंगाम घालवले, तेवढे इतरांनी घालवू नयेत. गणपतीत पाचव्या दिवशी सांगली संस्थानच्या गणपतीची मिरवणूक असते. तेव्हा तिला दुपारीच माधवनगरला आत्याकडे नेतो. घरच्या आरतीत मात्र ती हवीच, म्हणून झांजा बाजूला ठेवून टाळ्यांवर आरती म्हणतो. कान झाकणारे हेडफोन पाच-पाच मिनिटांनी सवय लावत घालावेत. ऐन गोंगाटात पहिल्यांदा घातले तर मूल ते भिरकावून देते.

झोपेसाठी रोज एकाच क्रमाने एकाच गोष्टी कराव्यात. आमचा क्रम कोमट पाण्याची अंघोळ, तळपायांना तेल, मंद दिवा आणि आजोबांचे गुणगुणणे असा आहे. मोबाइल त्यात कुठेही नाही. तरीही आठवड्यातून दोन रात्री ती जागते, म्हणून त्या रात्री आम्ही पाळीने वाटून घेतल्या आहेत. कोणाची पाळी हे आदल्या रविवारी वहीत लिहिले जाते, कारण रात्री तीन वाजता ठरवायला बसले की भांडण होते.

व्यायाम घरकामातच

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी आठवड्यातून दोन-तीनदाच होते. उरलेले दिवस घरचे असतात. स्वतंत्र तासभर व्यायाम करायचा नियम आमच्याकडे टिकला नाही. थेरपिस्टना विचारून आम्ही तो कामांत मिसळला. मेथी निवडताना चिमटीचा व्यायाम होतो, कणकेचा गोळा दाबताना तळहाताचा, परसातल्या दोन पायऱ्या चढताना गुडघ्यांचा. काम हळू होते आणि अर्धी मेथी जमिनीवर पडते, पण हा व्यायाम एकही दिवस चुकत नाही.

कागद आणि पूर

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यांत गुणसूत्र विकारांची नावे नाहीत. म्हणून गुणसूत्राचा रिपोर्ट घेऊन गेलो की प्रमाणपत्र मिळेल, असे समजू नये. प्रमाणपत्र मिळते ते बौद्धिक अक्षमता, वाचादोष, अस्थिव्यंग किंवा बहुविकलांगता या नावाने, आणि त्यासाठी विकासाच्या मूल्यमापनाचे कागद लागतात. ते आधी करून घ्यावे. माझ्या बाबतीत एका कार्यालयाने ‘हा आजार यादीतच नाही’ म्हणून अर्ज दोनदा परत केला. तिसऱ्यांदा अर्जात बौद्धिक अक्षमता लिहिले आणि काम झाले. नोंदणी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होते, तपासणी शासकीय रुग्णालयात. लहान वयात मिळालेले प्रमाणपत्र मुदतीचे असू शकते, तेव्हा मुदतीची तारीख वहीत टिपावी. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व नोंदले गेले की एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते आणि प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत अपंग अवलंबितासाठीची वजावट घेता येते. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा. बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतची आहे, आणि तीत थेरपीचा खर्चही येतो.

मूल लहान असेल तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला वही दाखवावी; त्यांच्यामार्फत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जाता येते. शाळेसाठी दिव्यांग हक्क कायद्याच्या ३१ व्या कलमाने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शिक्षिकांना मात्र अख्खी वही देऊ नये. एका पानात, ती काय करू शकते यापासून सुरुवात करून, डब्याविषयी दोन ओळी आणि आवाजाविषयी एक ओळ लिहून द्यावी. आमच्या शिक्षिकांनी ते पान वाचून घंटेपासून सर्वांत दूरचा बाक तिला दिला.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात पाणी आले तेव्हा आम्ही तिला आणि तिच्या औषधांना बाहेर काढले, पण फाइल कपाटाच्या खालच्या खणात राहिली. जन्माच्या वेळचे सर्व कागद गेले. कृष्णेकाठी राहणाऱ्यांनी कागदांची एक प्रत नदीपासून दूरच्या नातेवाइकांकडे, एक मोबाइलमध्ये आणि मूळ कागद माळ्यावर ठेवावेत. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५ फूट. पाणी चाळिशीकडे चढू लागले की आम्ही तिला हलवतो, इतरांसाठी थांबत नाही. तिच्या पिशवीत पंधरा दिवसांची औषधे, नाचणीचे पीठ, तो चमचा, फोटो आणि हेडफोन असतात. निवारा केंद्रातल्या गर्दीत आणि अनोळखी जेवणात ही मुले एक दिवसही काढू शकत नाहीत.

माणसांच्या हाती देणे

वही लिहून झाली म्हणजे काम संपत नाही. ती दुसऱ्याच्या हातात देऊन आपण घराबाहेर जावे लागते. पहिल्यांदा एक जेवण, मग एक दुपार, मग एक रात्र. परत आल्यावर चुका काढू नयेत. जे विचारावे लागले, तेवढेच वहीत नव्याने लिहावे. माझ्या पतींनी लिहिलेली पाने आता माझ्या पानांइतकीच आहेत, आणि आंघोळीच्या बाबतीत त्यांचे पान माझ्यापेक्षा बरे आहे.

थोरल्या मुलाला वही वाचायला दिली, पण पाळीत धरले नाही. तो शनिवारी तालमीत जातो आणि त्या दिवशी त्याचे वडील तिथे जाऊन बसतात, बहीण कितीही आजारी असली तरी. एकदा ते चुकले तेव्हा त्याने काही म्हटले नाही, फक्त पुढचे दोन शनिवार तो गेलाच नाही.

‘कोणाच्या घराण्यातून आले?’ हा प्रश्न हळदीकुंकवात येतो आणि तो बहुतेक वेळा सुनेकडे पाहून विचारला जातो. क्रि द्यु शाच्या बहुतेक मुलांत हा बदल नव्याने झालेला असतो. साधारण दहा ते पंधरा टक्क्यांत आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांतला तुकडा जागा बदललेला असतो, पण काही कमी-जास्त झालेले नसते आणि त्यांना स्वतःला त्याचा काही त्रास नसतो. पुढच्या अपत्याचा विचार असेल तर दोघांनीही तपासणी करून जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, आणि दोघांनी एकत्रच जावे. विचारणाऱ्यांसाठी आम्ही एक वाक्य ठरवले आहे : ‘तिच्या गुणसूत्राचा एक तुकडा कमी आहे, ती हळू शिकते, तिला हाक मारून बोला.’ सासूबाई, मी आणि थोरला मुलगा तिघेही तेच वाक्य म्हणतो. नवस ज्याला करायचा त्याने करावा; अंगारा देणाऱ्याने औषध थांबवायला सांगितले तर तिथून उठावे.

मुलगी १८ वर्षांची झाल्यावर कायद्याने आपण आपोआप तिचे पालक राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर, आमच्यानंतर कोण, याखाली दोन नावे पेन्सिलने लिहिली आहेत, आणि त्या दोघांनाही वर्षातून एकदा आठवडाभर घरी बोलावतो.

दर पाडव्याला वही नव्याने लिहावी. जुने पान फाडू नये, त्यावर एक तिरकी रेघ मारून तारीख घालावी, कारण पहिले पाऊल कधी टाकले, पातळ पाणी कधीपासून चालले, हे डॉक्टर वर्षानुवर्षे विचारत राहतात. यंदा चमच्याच्या पानावर तशी रेघ पडली आहे. खाली पतींच्या अक्षरात लिहिले आहे : ‘उजव्या हाताने स्वतः धरते. कोपराखाली नुसता हात ठेवावा, उचलू नये.’